इंजिन का तापते? : वाशिमच्या मळणीपासून समृद्धी महामार्गापर्यंत एकच दुखणे

वाशिम जिल्ह्यात ऑक्टोबरची दुपार ही सोयाबीनच्या मळणीची वेळ असते. सोंगणी आटोपून शेतात गंज्या लागलेल्या असतात, परतीच्या पावसाचे ढग केव्हा भरून येतील याचा नेम नसतो आणि मळणीयंत्राची पाळी मोठ्या मिनतवारीने मिळालेली असते. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टरच्या तापमानदर्शकाचा काटा लाल पट्ट्यात शिरतो, रेडिएटरच्या तोंडातून वाफ फुसफुसू लागते आणि काम थांबते. गंजीवर ताडपत्री ओढली जाते, कुणीतरी पाण्याची कळशी आणायला धावतो आणि दुसरा कुणी रेडिएटरच्या झाकणावर फडके टाकून ते फिरवायला हात घालतो.

या साऱ्या धांदलीत सर्वांत धोक्याची गोष्ट तीच असते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्याने चेहरा, मान आणि हात भाजल्याच्या घटना ट्रॅक्टर, मालमोटार वा मोटार चालवणाऱ्यांना नव्या नाहीत. तरीही ही चूक पुन्हा पुन्हा होते, कारण इंजिन तापले म्हणजे त्याला पाणी हवे, एवढेच बहुतेकांच्या मनात पक्के बसलेले असते. वस्तुतः पाणी कमी होणे हा बहुधा आजार नसून आजाराचे लक्षण असते. पाणी कुठे गेले, का उकळले, उष्णता बाहेर का पडली नाही, हे न शोधता नुसते पाणी ओतत राहिले की काही दिवसांत हेड वाकते, गॅस्केट जळते आणि शेवटी पिस्टन लायनरमध्ये घट्ट अडकून इंजिन जाम होते. सुरुवातीला चार पैशांच्या पट्ट्याने किंवा झाकणाने भागले असते, तेथे संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते आणि हंगाम हातचा जातो तो वेगळाच.

डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णताच चाकांपर्यंत किंवा मळणीयंत्रापर्यंत कामाच्या रूपाने पोहोचते. जवळपास तेवढीच धुरासोबत निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती सतत काढून घेतली नाही तर वंगणाचे तेल पातळ होते, धातू प्रसरण पावतो आणि एकमेकांत घासणारे भाग चिकटतात. ही उष्णता काढून घेण्याची व्यवस्था विदर्भातील शेतकऱ्याला नवी नाही. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला पंपाच्याच पाण्यातून एक बारीक नळी जोडलेली असे. विहिरीचे थंड पाणी इंजिनाच्या पोटातून फिरून कोमट होऊन पाटात पडे. तेथे पाणी अमाप होते, म्हणून एकदा वापरलेले पाणी सोडून देणे परवडत असे. ट्रॅक्टरला किंवा मोटारीला विहीर सोबत नेता येत नाही. तेच काही लिटर पाणी पुन्हा पुन्हा फिरवावे लागते आणि प्रत्येक फेरीत ते गार करावे लागते. इंजिनाच्या पोटातून गरम पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक चपट्या नळ्यांतून खाली उतरताना पंख्याने ओढलेल्या हवेला उष्णता देते आणि वॉटर पंप ते पुन्हा इंजिनात ढकलतो.

हवेऐवजी दुसरे काही वापरले तरी तत्त्व बदलत नाही. थंड प्रदेशांत बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईलच्या पाण्याने थंड होणाऱ्या अनेक इंजिनांना समोर रेडिएटर नसतोच. वाहनाच्या पोटाखाली उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि फिरता पट्टा उडवील तो भुसभुशीत बर्फ त्या पट्ट्यांवर आदळून पाणी गार करतो. असे वाहन कडक गोठलेल्या तळ्यावर नेले की उडायला बर्फच मिळत नाही आणि शून्याखालील थंडीतही इंजिन उकळू लागते. बाहेर किती ऊन आहे यापेक्षा आतली उष्णता बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे की नाही, हा प्रश्न मोठा आहे. वाशिमचे ऊन या बिघाडाला निमित्त ठरते. कारण बहुतेक वेळा यंत्रातच असते.

झाकण म्हणजे केवळ बूच नव्हे

रेडिएटरचे झाकण हा या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्यात एक स्प्रिंगदार झडप असते आणि ती आतला दाब राखून ठेवते. प्रति चौरस इंच एक पौंड दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंश सेल्सिअसने वर जातो. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरपेक्षा अधिक उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांनाच उकळते. झाकण सात पौंडांचे असेल तर हाच बिंदू ११० अंशांच्या आसपास जातो. मोटारींची झाकणे याहून अधिक दाबाची असतात.

झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब राहत नाही आणि एरवी सहज निभावले असते अशा तापमानाला पाणी उकळून बाहेर पडते. इंजिनात दुसरा कोणताही दोष नसताना केवळ झाकणामुळे ट्रॅक्टर 'गरम' होतो तो असा. बाजारातून झाकण आणताना ते तोंडावर नीट बसते एवढे पाहून चालत नाही. त्यावर छापलेला दाबाचा आकडा मूळ झाकणाइतकाच हवा. कमी दाबाचे झाकण लवकर उकळवते, जास्त दाबाचे झाकण जुन्या नळ्या फोडते.

भाजण्याचे कारणही याच दाबात आहे. १०५ अंशांचे पाणी बंद रेडिएटरमध्ये शांत असते. झाकण फिरवताच दाब नाहीसा होतो, ९८ अंशांनाच उकळणारे ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊ लागते आणि पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. उरलेले उकळते पाणी ही वाफ वर फेकते. फडके त्यापुढे टिकत नाही. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे, वरच्या नळीला दुरून हाताची पाठ नेऊन धग जाणवते का ते पाहावे आणि मगच जाड कापड टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत सैल करावे. फुसफुस पूर्ण थांबल्याशिवाय पुढे फिरवू नये. चेहरा बाजूला हवा, हे वेगळे सांगायला नको.

काटा केव्हा चढतो?

बिघाड शोधताना अनुभवी मिस्त्री हत्यार उचलण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो : गरम केव्हा होते? उत्तर नीट मिळाले तर अर्धे काम झालेले असते.

गाडी उभी असताना किंवा गर्दीतून हळू जाताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते, असे असेल तर संशय पंख्यावर जातो. धावत्या गाडीत समोरची हवा आपसूक मिळते, उभ्या गाडीत ती पंख्यालाच ओढावी लागते. ट्रॅक्टरमध्ये पंखा फिरवणारा पट्टा सैल झालेला असतो. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून अधिक दबत असेल तर तो घसरतो आहे असे समजावे. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील तर ताण देऊन उपयोग नाही, तो बदलावाच लागतो. अनेक इंजिनांत हाच पट्टा वॉटर पंपही फिरवतो, त्यामुळे हवा आणि पाणी दोन्ही एकदम मंदावतात. मोटारीत पंखा विजेवर चालतो. तेथे वातानुकूलन सुरू करून पाहावे. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरू लागतो. न फिरल्यास फ्यूज, रिले आणि पंख्याची मोटार या क्रमाने तपासणी करावी लागते.

उलटपक्षी, रिकामे चालताना ठीक आणि ओझे पडताच तापते, हा प्रकार असेल तर पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडते आहे. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर या भागांत मळणीच्या दिवसांत याचे पहिले कारण डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ते म्हणजे कुटार. मळणीयंत्राला शक्ती देताना ट्रॅक्टर एका जागी तासन्‌तास उभा असतो, सोयाबीनचे बारीक कुटार आणि धूळ हवेत तरंगत असते आणि पंखा समोरून हवा ओढताना ते सारे रेडिएटरच्या पापुद्र्यांत भरत जातो. वरून जाळी स्वच्छ दिसते, पण तिच्या मागे बोटभर जाडीचा थर बसलेला असतो. तेलाचा ओशटपणा असेल तर तो लिंपल्यासारखा होतो. सफाई करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, म्हणजे कचरा ज्या दिशेने आला त्याच्या उलट मारायचे असते. समोरून मारले तर कुटार आणखी आत ठासले जाते. आणि गाड्या धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा अगदी जवळून मारल्यास पातळ पापुद्रे वाकून हवेची वाट कायमची बंद होते. मळणीला उभे राहताना वारा ट्रॅक्टरकडून मळणीयंत्राकडे जाईल अशी दिशा साधली, तर निम्मा त्रास मुळातच वाचतो. यासाठी खर्च काहीच नाही, फक्त ट्रॅक्टर लावण्यापूर्वी मूठभर माती उडवून पाहण्याची सवय हवी.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा झपाट्याने चढत असेल तर मामला वेगळा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पाणी फारच कमी आहे, आत हवा कोंडली आहे किंवा हेड गॅस्केट फुटले आहे, यांपैकी काहीतरी आहे. येथे एक फसवणूक ध्यानात ठेवावी लागते. तापमान मोजणारा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी त्याच्या पातळीखाली गेले की तो नुसत्या हवेत किंवा वाफेत राहतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक उतरला म्हणून चालकाला हायसे वाटते, तेव्हाच इंजिन कोरडे पडलेले असते.

आणखी एक दोष गॅरेजमध्ये उभ्या गाडीत सहसा सापडत नाही. खालची रबरी नळी वॉटर पंपाच्या ओढीखाली असते. रबर जुने होऊन मऊ पडले आणि आतली स्प्रिंग गंजून गेली, तर इंजिनाचा वेग वाढताच ती नळी चपटी होते आणि पाणी अडते. वेग कमी केला की पुन्हा फुगते. वेग वाढवून त्या नळीकडे पाहिले तरच हे कळते. हात मात्र पंख्यापासून दूर ठेवून.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असते. पाणी ठरावीक तापमानाला, अनेक इंजिनांत ८२ अंशांच्या आसपास, पोहोचले की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते, त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. 'आपल्याकडे एवढे ऊन, हा अडथळा हवाच कशाला' म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत गावोगावी रूढ आहे. ती दोन कारणांनी चुकीची ठरते. थंडीच्या सकाळी इंजिन दीर्घकाळ गार राहते, डिझेल नीट जळत नाही, तेलात काजळी व ओल साचते आणि लायनरची झीज वाढते. दुसरे कारण अधिक विपरीत आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढल्यावर आडवाट कायम उघडी राहते, बरेचसे पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जाते आणि थंडाव्यासाठी केलेला उपाय इंजिन अधिक तापवतो.

तो खराब आहे की नाही, हे घरच्या चुलीवर कळते. थर्मोस्टॅट दोरीला बांधून पातेल्यातील पाण्यात, तळाला टेकणार नाही असा सोडावा, सोबत तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. अंगावर छापलेल्या अंशांच्या जवळपास तो उघडू लागला आणि पाणी गार होताना मिटला, तर निर्दोष. वीस मिनिटांचे हे काम न करता तो फेकणारे बरेच आहेत. दहीवडे खाऊन झाल्यावर ते पातेले पुन्हा स्वयंपाकात येऊ नये, एवढे मात्र घरच्यांच्या कानावर घालावे.

बोअरचे पाणी आणि आतली खपली

वाशिम जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या बेसाल्ट खडकातून झिरपणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. बोअरच्या पाण्याने घरातील गिझर आणि भांड्यांवर बसणारा पांढरा थर सर्वांच्या परिचयाचा आहे. तेच पाणी इंजिनात ओतले की तापताना त्यातील बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि ते सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे सिलिंडरच्या भोवती आणि हेडमध्ये, खपलीसारखे बसते. ही खपली लोखंडाच्या तुलनेत उष्णता कित्येक पटींनी कमी वाहू देते. पातळ थरही जाड गोधडीचे काम करतो. अशा इंजिनात पाणी भरपूर असते, पंखा फिरत असतो, काटाही कधीकधी मध्यावर असतो, पण धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही.

यातली खरी गोम अशी की पाणी वारंवार भरणारा मालकच इंजिनाचे अधिक नुकसान करतो. एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार एकदाच बसतात. गळती तशीच ठेवून दररोज दोन तांबे बोअरचे पाणी ओतले की दररोज नवे क्षार आत जातात. म्हणून गळती शोधणे अगत्याचे. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक लहानसे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. तेथून थेंब येत असतील तर आतले सील गेले आहे. ते छिद्र एमसील लावून बुजवणारे महाभाग आहेत, पण त्याने पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि एक दिवस पंपाचा दांडाच निखळून पंखा रेडिएटरमध्ये घुसतो.

रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांची कला पाहण्यासारखी असते. नळ्यांची तोंडे बंद करून, आत थोडी हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला की बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटरची वरची टाकी डाग सोडवून काढता येते, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून गाळ खरवडता येतो आणि टाकी पुन्हा झाळता येते. नव्या वाहनांतील ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. तेथे झाळकाम चालत नाही, तो बहुधा बदलावाच लागतो. खपली काढण्यासाठी वापरायची रसायनेही धातू पाहून निवडावी लागतात. धुण्याच्या सोड्यासारखे क्षारयुक्त द्रावण ॲल्युमिनियमला खाऊन टाकते.

हेड गॅस्केट गेले असल्याच्या खुणा वेगळ्या आहेत. गार इंजिन झाकण उघडून सुरू केल्यास रेडिएटरच्या तोंडाशी अखंड बुडबुडे येतात, तेलमापक पट्टीवर ताकासारखे फेसाळ तेल दिसते, किंवा बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होत राहते आणि धूर पांढरा येतो. येथे घरगुती उपाय संपतात. हेडचा पृष्ठभाग वाकला आहे का हे सरळ पट्टी लावून तपासणे, गरज असल्यास मशीनवर सपाट करून घेणे आणि नटबोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, कंपनीने दिलेल्या क्रमाने व ताणानेच आवळणे, यातले काहीही टाळले तर नवे गॅस्केटही हंगामभर टिकत नाही.

शहरातील वाहनधारकांना हा विषय शेताचा वाटण्याचे कारण नाही. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईपर्यंत जोडला गेला आणि वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव हे तालुके त्या वाटेवर आले. शहरात दररोज पाच-दहा किलोमीटर धावणारी मोटार एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात ताशी १२० किलोमीटर या कमाल मर्यादेजवळ सलग काही तास पळवली जाते, तेव्हा अर्धवट तुंबलेला रेडिएटर प्रथमच उघडा पडतो. काटा चढू लागल्यास वातानुकूलन बंद करावे, काचा उघडून आतला हीटर पूर्ण सुरू करावा आणि वेग उतरवावा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. उकाडा सोसावा लागतो, पण इंजिनाची काही उष्णता त्यातून निघून जाते. वाफ दिसत नसेल तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन दोन-तीन मिनिटे रिकामे चालू ठेवलेले बरे, म्हणजे पाणी फिरत राहते. वाफ निघत असेल किंवा पाणी सांडले असेल तर मात्र ते त्वरित बंदच करावे. तापलेल्या इंजिनात किंवा त्याच्या अंगावर गार पाणी ओतू नये; एकाएकी आकसणारे बीड तडकते.

पाण्याऐवजी कूलंट वापरण्याचा सल्ला महागडा वाटतो, परंतु बोअरच्या पाण्याच्या प्रदेशात तो स्वस्त पडतो. इथिलीन ग्लायकॉल आणि क्षारविरहित पाणी यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंशांनी अधिक असतो. त्याहून महत्त्वाची आहेत त्यातील गंजरोधक द्रव्ये. डिझेल इंजिनाचे लायनर प्रत्येक ठोक्याला थरथरतात, त्यांच्या बाहेरील अंगाशी पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे फुटत राहतात आणि साध्या पाण्यात काही वर्षांत लायनरला आरपार छिद्रे पडतात. योग्य कूलंट हे रोखते. हिरवा, लाल, निळा हे केवळ रंग आहेत, प्रकार नव्हे. म्हणून रंग जुळवून मिसळण्यापेक्षा वाहनाच्या पुस्तिकेतील प्रकार पाहावा. कूलंट मिळेपर्यंत साधे पाणी भरणे भागच असेल तर बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी वापरावे.

जुना कूलंट काढताना तो अंगणात किंवा गोठ्याजवळ सोडण्याची चूक मात्र होऊ नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. कुत्री, मांजरे ते चाटतात, जनावरेही पितात आणि थोड्याशा प्रमाणानेही मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतात. मुलांच्या बाबतीतही हाच धोका आहे. काढलेला कूलंट झाकणाच्या डब्यात भरून, डब्यावर ठळक नाव लिहून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवावा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तो कधीही भरून ठेवू नये.